भात पूर्ण बंद की मूठभर चालू? कोकणातल्या ताटासाठी दोन पद्धतींची तुलना

आमच्या ह्यांना शुगर निघाली तेव्हापासून घरात दोन्ही प्रकार करून झालेत. पहिले दोन महिने भात, भाकरी, साखर सगळं बंद, म्हणजे ज्याला आता सगळे कीटो म्हणतात ते, आणि त्यानंतर आजपर्यंत थोडा भात, एखादी भाकरी ठेवून बाकीचं कमी. आम्ही वेंगुर्ल्याच्या बाजूला राहतो, घरात मासे खाणारे आम्ही आणि सोमवार-गुरुवार पाळणाऱ्या सासूबाई, त्यामुळे एकाच चुलीवर दोन्ही ताटं होतात. ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतंच की आम्ही नक्की कुठलं करू, म्हणून एकदा नीट लिहिते. मी डॉक्टर नाही, पण स्वयंपाक माझ्याकडे आहे आणि गेलं दीड वर्ष बहुतेक गोष्टी वजनकाट्यावर ठेवून बघितल्यात.

सोयीसाठी एकीला कडक म्हणते, एकीला सैल. कडक म्हणजे दिवसभरात २० ते ३० ग्रॅम कार्ब (कर्बोदकं, म्हणजे अन्नातला स्टार्च आणि साखर), ५० च्या वर कधीच नाही. सैल म्हणजे ८० ते १२० च्या आसपास. खालचे आकडे अंदाजे आहेत, आणि भाजी, खोबऱ्याच्या बाबतीत फायबर वजा करून धरलेत कारण त्याची साखर होत नाही. कडकमध्ये कार्ब इतके कमी मिळतात की लिव्हर चरबीपासून कीटोन बनवायला लागतं आणि शरीर त्यावर चालतं. ही पद्धत मुळात वजनासाठी निघालेली नाही, १९२१ साली अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या डॉक्टर रसेल वाइल्डर यांनी फिट्स येणाऱ्या पेशंटसाठी ती सुचवली, वजन आणि शुगरवाले तिच्याकडे नंतर वळले.

आता आधी आपण खातो किती ते बघा. शिजलेल्या १०० ग्रॅम भातात साधारण २८ ग्रॅम कार्ब असतात. ह्यांच्या ताटातला दुपारचा भात पहिल्यांदा काट्यावर ठेवला तर ३२० ग्रॅम भरला, म्हणजे एका जेवणात ९० ग्रॅम, त्यात सकाळची पेज किंवा तीन घावणे, दोनदा साखरेचा चहा आणि रात्री परत भात धरला की अडीचशे-तीनशेच्या घरात सहज जातं. आणि हे सगळं करून माणूस म्हणतो मी गोड काहीच खात नाही.

इथे दोन समज फार पक्के आहेत. एक म्हणजे उकड्या तांदळाचा भात शुगरला चालतो. कच्चा तांदूळ पांढरा घ्या नाहीतर उकडा घ्या, १०० ग्रॅमला ७५ ते ८० ग्रॅम कार्ब आहेतच, उकडा जरा सावकाश पचतो एवढाच फरक, कडकवाल्याला तो चालत नाही आणि सैलवाल्यालाही मोजूनच. दुसरं म्हणजे नाचणी. नाचणी चांगलीच आहे, १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, फायबर भरपूर, पण ५० ग्रॅम पिठाची एक भाकरी केली तर ३० ग्रॅम कार्ब त्यात आहेतच. म्हणजे कडक पद्धतीत एक नाचणीची भाकरी खाल्ली की त्या दिवसाचा कोटा संपला, भाजी खायलाही जागा उरत नाही. सैल पद्धतीत मात्र हीच भाकरी मला सगळ्यात उपयोगाची वाटते, कारण ती पोटात टिकते आणि भातासारखी नकळत वाढून घेतली जात नाही.

कडकसाठी कोकणासारखी जागा नाही असं मी मनापासून म्हणते, आणि ते माशांमुळे. बांगडा, तारले, सुरमई, पापलेट, मोरी, सुंगटं (कोळंबी), कुर्ल्या (खेकडे), सगळ्यात कार्ब शून्य किंवा शून्याच्या जवळ. देशावरचा माणूस कीटो करायला बसला की पनीर आणि अंडी यातच फिरत राहतो, आपल्याला आठवड्याचे सात दिवस सात प्रकार मिळतात. त्यातही माझा आग्रह बांगडा आणि तारल्यांसाठी आहे. महाग मासा घ्यायची काही गरज नाही, तारले सगळ्यात स्वस्त आणि अंगचं तेल असलेला मासा, ओमेगा-३ त्यात चांगलं, आणि कडकमध्ये पोट भरायला तेच तेल लागतं. नुसता पापलेट खाऊन उठलात तर दोन तासांत भूक लागते.

पण चूक तव्यावर होते. मासा शून्य कार्बचा आणि वरून रव्याचा जाड थर, दोन मोठे चमचे रवा लागला तर १५ ग्रॅम तिथेच गेले. मी बांगड्याला तिरप्या चिरा देते, मीठ, हळद, आगळ (कोकमाचा आंबट अर्क) आणि मालवणी मसाला चिरांच्या आतपर्यंत बोटाने भरते, अर्धा तास ठेवते आणि मग लोखंडी तव्यावर खोबरेल तेल चांगलं तापल्यावरच सोडते. रवा नसला की मासा चिकटतो ही तक्रार सगळ्यांची असते, त्याला उपाय एकच, सोडल्यावर चार-पाच मिनिटं हात लावायचा नाही. कड तांबूस होऊन मासा आपणहून सुटतो, तेव्हाच उलटायचा. खाणावळीत गेलात तर आधीच सांगा की रव्याशिवाय भाजा, आमच्या इथे न कुरकुरता करून देतात.

शिंपल्यातलं जरा वेगळं. तिसऱ्या, कालवं, शिनाणे यांच्यात १०० ग्रॅमला ४-५ ग्रॅम कार्ब असतात, शिनाण्यांना थोडे जास्त. सैलवाल्यांनी हे मोजलं नाही तरी चालेल, कडकवाल्यांनी मोठी वाटीभर सुकं खाताना एवढं लक्षात ठेवायचं.

नारळ दोन्हीकडे चालतो. ओल्या खोबऱ्यात १०० ग्रॅमला ६ ग्रॅम कार्ब आणि ३३ ग्रॅम फॅट. चार माणसांच्या आमटीला एक वाटी खोबरं आणि दोन कांदे घातले तरी माणशी ५-६ ग्रॅमच्या वर जात नाही. म्हणजे आपलं तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं असो की सुंगटांची आमटी, त्यात काही बदलायचं नाही, फक्त शेजारचा भात जातो. सोलकढी साखर न घालता केली तर कडकमध्येसुद्धा बसते, पण तेच आगळ सोडून बाटलीतलं कोकम सरबत घेतलं की ते साखरेचं पाणी. शहाळ्याबद्दल लोक रागावतात, पण ३०० मिलिलिटरच्या शहाळ्यात दहा-अकरा ग्रॅम साखर असते, कडकमध्ये नको, सैलमध्ये दुपारी उन्हातून आल्यावर एक घ्यायला माझी हरकत नाही.

ह्यांचा कडकमधला दिवस साधारण असा असायचा. सकाळी तीन अंड्यांची पोळी आणि ओल्या खोबऱ्याची चटणी, चहा बिनसाखरेचा, दूध चमचाभर. दुपारी दोन बांगडे, पडवळाची खोबरं घातलेली भाजी, वाटीभर सोलकढी. रात्री सुंगटांचं सुकं किंवा गावठी कोंबडीचा रस्सा, वडे नाहीत, सोबत पालेभाजी. सगळं मिळून २५ ग्रॅमच्या आसपास. सैलमध्ये आता दुपारी १०० ग्रॅम भात, रात्री एक नाचणीची भाकरी, मधे अधूनमधून कुळथाची पिठी. दोन मोठे चमचे कुळथाचं पीठ म्हणजे ११ ग्रॅम, आमच्या घरात ती सोडणं कोणालाच जमलं नसतं. भात वाढायला मी एक स्टीलची वाटी ठरवून टाकली, ती सपाट भरून मूद पाडायची आणि भाताचं टोप परत चुलीकडे, कारण टोप शेजारी राहिलं की हात जातोच.

सासूबाईंचं म्हणणं पहिल्या दिवसापासून एकच, "भात नाय खाल्लो तर माणसाक ताकद खंयसून येतली?" आणि पहिल्या आठवड्यात त्या बरोबर वाटतात. डोकं दुखतं, पायात गोळे येतात, चिडचिड होते. साठवलेल्या साखरेबरोबर शरीरातलं पाणी जातं, पाठोपाठ मीठही लघवीवाटे जातं, आणि आपल्याकडच्या दमट हवेत घाम वेगळाच. त्यावर मी पातळ ताक मीठ घालून आणि माशाचं सार दिवसातून दोनदा द्यायचे, पाच-सहा दिवसांत ठीक झालं. बीपी किंवा किडनीचा त्रास असेल त्याने मात्र मीठ स्वतःच्या मनाने वाढवू नये.

आता शिवराक, म्हणजे शाकाहारी माणसांचं. इथे माझं मत स्पष्ट आहे, घरात मासे-अंडी नसतील तर कडकच्या वाटेला जाऊ नका, निदान डाएटिशियन बरोबर असल्याशिवाय नको. काळ्या वाटाण्याचं सांबारं, वालाची उसळ, मुगागाठी, वरण, आपलं शिवराक जेवण या कडधान्यांवरच उभं आहे आणि कडधान्य अर्ध्याहून जास्त कार्बच. ती काढली की उरतं पनीर, दही, खोबरं, शेंगदाणे आणि भाज्या, आणि तेच ते खाऊन माणूस पंधरा दिवसांत कंटाळतो. सैलमध्ये मात्र उसळ हीच मुख्य वस्तू करायची, भात तोंडी लावण्यापुरता. प्रोटीनही मिळतं.

उपवास तर दोन्हीकडे आड येतो. साबुदाणा म्हणजे जवळपास सगळा स्टार्च, १०० ग्रॅमला ८५ च्या वर, वरीचे तांदूळ आणि रताळं हेही त्याच बाजूचे. संकष्टीला दिवसभर उपाशी राहून रात्री साबुदाण्याची खिचडी हे शुगरवाल्या माणसासाठी रोजच्या जेवणापेक्षा वाईट. सासूबाई आता तवशाची (काकडीची) कोशिंबीर दाण्याचं कूट घालून, दही आणि मूठभर शेंगदाणे यावर उपवास करतात आणि उपवास मोडला असं त्यांना वाटत नाही.

आणि कॅलेंडर बघून ठरवा, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, ती उठते न उठते तोवर बऱ्याच घरांत श्रावण, मग गणपती. म्हणजे ज्या माशांच्या जिवावर कडक सोपं वाटतं ते मासे तीन महिने ताटात कमीच. एका उकडीच्या मोदकात पारी आणि गूळ मिळून २५ ग्रॅम तरी जातात, आणि गणपतीत मोदक नाही म्हणायची वेळ माझ्या माणसावर यावी असं मला वाटत नाही. कडक करायचंच असेल तर ऑक्टोबरात सुरू करून दोन-तीन महिने करा. एप्रिल-मे मध्ये हापूस आहे, एका मोठ्या आंब्याच्या गरात २० ग्रॅमच्या वर साखर, सैलमध्ये त्या दिवशीचा भात सोडून अर्धा आंबा बसवता येतो, कडकमध्ये नुसतं बघत बसावं लागतं. पावसात सैलवाल्याला उलट चंगळ आहे, टाकळा, कुर्डू, भारंगी, अळू, शेवग्याचा पाला, यात कार्ब नाममात्र, भाजीचं प्रमाण दुप्पट करायला हेच दिवस चांगले.

गोळ्यांचं आता नीट वाचा. आम्ही कडक सुरू केलं तेव्हा ह्यांना ग्लिमेपिराइड ही शुगर उतरवणारी गोळी चालू होती आणि डॉक्टरांना विचारायचं मी राहून दिलं. चौथ्या दिवशी अकराच्या सुमाराला हे अंगणात नारळ सोलत होते, कोयता बाजूला ठेवून खाली बसले, सदरा घामाने भिजलेला, हात थरथरत होते. मशीनवर ५८ आली. तीन चमचे साखर पाण्यात घालून दिली, पंधरा मिनिटांनी परत बघितली तेव्हा ८० च्या वर गेली. कार्ब कमी केले की तीच गोळी जास्त होते, इन्सुलिनचंही तसंच, डोस आधी कमी करून घ्यावा लागतो आणि तो डॉक्टरांनीच. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही शुगरची गोळी चालू असेल तर कडक करूच नका, त्यात शुगर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात कीटोन धोक्याच्या पातळीला जाऊ शकतात, उलट्या, पोटदुखी, धाप अशी लक्षणं दिसतात. टाइप १ असलेले, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, किडनीचे पेशंट, यांच्यासाठीसुद्धा कडक नाही.

परिणाम विचाराल तर कडकमध्ये वजन आणि शुगर दोन्ही भराभर उतरले, खोटं कशाला बोलू. पण २०२१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये टाइप २ वरच्या बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता, त्यातही कमी कार्बचा फायदा सहा महिन्यांना चांगला दिसतो आणि वर्षापर्यंत तो बराच ओसरतो असंच निघालं. आमच्याकडेही सैल सुरू केल्यावर उतरायचा वेग कमी झाला पण तीन महिन्यांची शुगर परत चढली नाही. कोलेस्टेरॉल मात्र सुरू करायच्या आधी आणि तीन महिन्यांनी तपासा, खोबरेल तेल आणि नारळ दोन्ही रोज भरपूर झाले की काहींचं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) वाढतं. तसं झालं तर तळणीचं तेल शेंगदाण्याचं करा आणि नारळ आमटीपुरता ठेवा.

म्हणून कोणी विचारलं तर मी असं सांगते. पन्नाशीच्या आतले, मासे खाणारे, वजन जास्त, गोळी एखादीच किंवा नुसती मेटफॉर्मिन, घरात वेगळं करून घालणारं कोणीतरी आहे, तर डॉक्टरांना विचारून दिवाळीआधी कडक सुरू करा आणि संपवायची तारीख आधीच लिहून ठेवा. बाकी सगळ्यांनी सैल. सासऱ्यांच्या वयाच्या माणसांची सकाळची पेज तोडू नका, वाटी लहान करा आणि शेजारी अंडं ठेवा.

यंदा मे संपायच्या आत मी सोडे आणि सुके बांगडे भरून ठेवतेय. सुका बांगडा कोमट पाण्यात अर्धा तास ठेवून ते पाणी फेकते, मग परत एकदा धुते, नाहीतर ह्यांचं बीपी चढतं. सोड्यांना तेवढं लागत नाही, दोन पाण्यांत धुवून वांग्याबरोबर खोबरं घालून केले की त्या रात्री भाकरीसुद्धा कोणी मागत नाही.