दोन क्लेमनंतर घेतलेला गाडीचा विमा: अकरा महिन्यांचा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातील आर्णी तालुक्यात आमची शेती आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये घेतलेली १,१९७ सीसीची पेट्रोल गाडी शेतापासून नागपूर–तुळजापूर महामार्गापर्यंत सगळीकडे चालते. पहिली चार वर्षे एकही क्लेम झाला नाही, त्यामुळे नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यावर मिळणारी आणि क्लेम होताच शून्य होणारी सूट, ४५ टक्क्यांपर्यंत गेला होता. जानेवारी २०२४ मध्ये संध्याकाळच्या वेळी तुरीच्या शेतातून एक रोही (नीलगाय) थेट गाडीसमोर आला आणि बंपर, दिवे, बोनेट व समोरची काच असे सगळेच गेले. मे महिन्यात नुकताच परवाना मिळालेल्या माझ्या मुलाने गाडी मागे घेताना ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला लावली. एका वर्षात दोन क्लेम झाल्यामुळे विमा कंपनीच्या दृष्टीने आम्ही जोखमीचे चालक ठरलो.

पहिल्या क्लेमचे बिल ₹४६,००० झाले आणि हाती ₹२९,००० आले. तेव्हा मला हे अन्यायाचे वाटले होते, पण नंतर पॉलिसी नीट वाचली. साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत प्लास्टिक आणि रबराच्या भागांची निम्मी किंमत घसारा म्हणून कापली जाते. धातूच्या भागांवरील घसारा गाडीच्या वयाप्रमाणे वाढतो आणि चार ते पाच वर्षांच्या गाडीसाठी तो ३५ टक्के असतो. काचेवर घसारा नाही, म्हणून तिचे पैसे पूर्ण मिळाले.

खरी चूक दुसऱ्या क्लेमची होती. नुकसान जेमतेम ₹४,२०० चे होते, आणि “बोनस तर गेलाच आहे, मग क्लेम करून घ्या” असे एजंटने सांगितले. घसारा आणि ₹१,००० ची सक्तीची कपात वजा जाता ₹१,५०० सुद्धा हाती आले नाहीत. बोनस आधीच शून्य झाला होता हे खरे, परंतु नूतनीकरणाच्या वेळी कंपनीने दोन क्लेमचे कारण देऊन झिरो डेप, म्हणजे जादा हप्ता घेऊन घसारा न कापता भरपाई देणारे जोडसंरक्षण, नाकारले. लहान क्लेमची किंमत बोनसपुरतीच मोजू नये, हे मला या व्यवहाराने शिकवले.

ऑक्टोबर २०२४ मध्ये माझ्यापुढे तीन मार्ग होते. फक्त थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याच्या केलेल्या नुकसानीपुरता विमा, घेतला असता, तर १,००० ते १,५०० सीसीच्या गाडीसाठी ठरलेला ₹३,४१६ आणि त्यावर १८ टक्के जीएसटी एवढ्यात भागले असते. हा दर सरकार ठरवते, त्यामुळे चालकाचे किती क्लेम झाले यावर तो बदलत नाही. मात्र रोही आडवा आला तर स्वतःच्या गाडीसाठी त्यातून एक रुपयाही मिळत नाही, आणि आमच्या रस्त्यावर रोही व रानडुकरे रोजची आहेत. दुसरा मार्ग जुन्याच कंपनीत झिरो डेपशिवाय राहण्याचा होता. मी तिसरा निवडला: नवी कंपनी, झिरो डेप आणि इंजिन संरक्षण. बोनस शून्य असल्यामुळे स्वतःच्या नुकसानीचा हप्ता ₹४,४०० वरून ₹७,८०० झाला आणि जोडसंरक्षणे, वैयक्तिक अपघात विमा व जीएसटी धरून एकूण रक्कम ₹९,६६५ वरून ₹१८,१६१ वर गेली. कापसाचे पैसे यायचे असताना ही रक्कम जड गेली.

याच वेळी एका एजंटने जुना ४५ टक्के बोनस तसाच दाखवा, नव्या कंपनीला कळणार नाही, असा सल्ला दिला. मी तो मानला नाही. नवी कंपनी जुन्या कंपनीकडून क्लेमची माहिती मागवू शकते, आणि खोटी घोषणा निघाली तर अडचणीच्या वेळीच क्लेम अडतो.

नवशिका मुलगा गाडी चालवतो म्हणून हप्ता आणखी वाढेल, ही माझी भीती मात्र अनाठायी ठरली. आपल्याकडे हप्ता मुख्यतः गाडी, तिची आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली किंमत), नोंदणीचा विभाग आणि क्लेमवर ठरतो. वैध परवाना असलेला कोणीही मालकाच्या संमतीने ती चालवू शकतो. बाजाराच्या दिवशी भाडे घेऊन माणसे नेण्याची विनंती मात्र मी प्रत्येक वेळी नाकारतो, कारण खासगी पॉलिसीत भाड्याचा वापर बसत नाही.

या पॉलिसीची खरी परीक्षा जुलै २०२५ मध्ये झाली. पुलावरून नाल्याचे पाणी वाहत होते, मुलाचा अंदाज चुकला आणि गाडी मध्येच बंद पडली. त्याने पुन्हा चावी फिरवली नाही, हे आमचे नशीब. पाणी शिरलेल्या इंजिनला सुरू करायला गेल्यास ते आतून निकामी होऊ शकते, आणि असे नुकसान साध्या पॉलिसीत येत नाही. गाडी टोचन करून यवतमाळला नेली. नुकसान तपासणारा सर्व्हेअर यायला नऊ दिवस लागले, त्या काळात दर दिवशी फोन करावा लागला, आणि या विलंबाबद्दल माझी तक्रार आजही आहे. तरीही ₹३८,००० च्या बिलापैकी मला फक्त ₹१,००० ची कपात आणि ऑइल, नट-बोल्ट यांसारख्या वस्तूंचे मिळून ₹३,९०० भरावे लागले.

येत्या ऑक्टोबरात बोनस पुन्हा शून्यच राहील. इंजिन संरक्षण मी कायम ठेवणार आहे आणि किरकोळ वस्तूंचे जोडसंरक्षणही विचारणार आहे. झिरो डेप मिळणे मात्र आता नव्या प्रस्तावावर अवलंबून आहे, म्हणून मुदत संपण्याच्या महिनाभर आधीच तीन कंपन्यांकडून लेखी दर मागवले आहेत. मुदत संपल्यावर एक दिवसही विम्याविना गाडी रस्त्यावर नेण्याचा विचार नाही. पहिल्या गुन्ह्याला ₹२,००० दंड आहे, आणि खंड पडल्यावर पुन्हा तपासणी करवून घेण्यासाठी गाडी घेऊन यवतमाळपर्यंत जावे लागते.