बिल बीटच्या रसाचं, टायरमध्ये नळाचं पाणी: ४,३८५ डॉलरला बुडालो

आकडा आधी सांगतो: ४,३८५ डॉलर. २,५०० आगाऊ, उरलेले १,८८५ काम झाल्यावर. एवढे पैसे घेऊन एका फिरत्या मेकॅनिकने माझ्या जुन्या मॅसी फर्ग्युसन १३५ ट्रॅक्टरच्या टायरमध्ये आणि रेडिएटरमध्ये नळाचं पाणी भरलं. पहिल्याच कडाक्याच्या थंडीत इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे त्याचं ओतीव धड, तडकला. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागात, मिशिगनमध्ये, कॅनडात आपली मराठी मंडळी आता गावाबाहेर जागा घेऊन राहायला लागली आहेत. घरापासून सडकेपर्यंतचा लांब रस्ता आणि त्यावर मांडीएवढा बर्फ, मग जुना ट्रॅक्टर घ्यायचा विचार येतोच. त्यांच्यासाठी लिहितोय.

आम्ही ओंटारियो सरोवराच्या पूर्वेला, टग हिल पठाराच्या पायथ्याशी राहतो. सरोवरावरून वारा ओलावा उचलून आणतो आणि इथे बर्फ टाकतो. पठाराच्या माथ्यावर वर्षाला २०० इंचांहून जास्त पडतो. बायकोची हॉस्पिटलात रात्रपाळी असते, त्यामुळे रस्ता पहाटे मोकळा हवाच. भाड्याने बर्फ काढून घ्यायचा तर एका खेपेला ८५ डॉलर, आणि माणूस येतो त्याच्या सवडीने. म्हणून १९६९ सालचा डिझेल ट्रॅक्टर घेतला. तीन सिलिंडरचं पर्किन्स इंजिन, चालू स्थितीत, रंग उडालेला पण आवाज खणखणीत. त्याला हिवाळ्यासाठी तयार करायचं काम या माणसाला दिलं. जनावरांच्या खाद्याच्या दुकानातल्या बोर्डावर त्याची जाहिरात होती, फोटोंसकट.

बिल असं होतं. मागच्या दोन टायरमध्ये वजनासाठी भरायचा, थंडीत न गोठणारा बीटचा रस ६४०, रेडिएटरमधलं न गोठणारं कूलंट १८०, थंडीत इंजिन गरम ठेवणारा विजेचा ब्लॉक हीटर २६५, हायड्रॉलिक तेल बदलणं ३१०, बर्फाच्या चेनची जोडी ७४०, मागे लावायचा, बर्फ उडवणारा जुना स्नो ब्लोअर १,६५०, मजुरी ६००. स्वस्ताच्या मोहाने फसलो असं कुणी म्हणू नये. शहरातल्या दुकानाने दिलेला अंदाज याच्याच आसपास होता, फक्त त्यांची तारीख जानेवारीतली होती. बर्फ जानेवारीची वाट बघत नाही.

आता तो क्षण, जो आठवला की अजून डोकं तापतं. टायर भरताना त्याने आमच्या बाहेरच्या नळाला पाइप जोडला. मी विचारलं, पाणी कशाला? म्हणाला, "रस घट्ट येतो, पातळ करावा लागतो." पाइप काढताना व्हॉल्व्हमधून थोडं माझ्या हातावर उडालं. स्वच्छ होतं. ना रंग, ना चिकटपणा. बीटचा रस काळपट तपकिरी असतो, काकवीसारखा हाताला चिकटतो, वासही गोडसर येतो. तो तयारच येतो, त्यात पाणी घालत नाहीत. हे आज मी झोपेतही सांगेन. पण टायरमध्ये रसाऐवजी कॅल्शियम क्लोराइड हे मीठही भरतात, आणि ते पाण्यातच विरघळवून भरतात, ही माहिती मला होती, आणि ते मिश्रण रंगहीन दिसतं. मला वाटलं, रसाऐवजी क्लोराइड भरतोय की काय, कारण क्लोराइडने रिम गंजते म्हणूनच मी रस मागितला होता. तसं विचारलंही. तो हसून म्हणाला, "तुम्ही काळजी करू नका, दोन्हीचं मिश्रण आहे." समोरचा माणूस वीस वर्षांच्या अनुभवाच्या गोष्टी सांगतोय, हातात पाना आहे, अर्धे पैसे आधीच गेलेले आहेत. तिथे कोण काम थांबवतं? साताऱ्याकडे आमच्या घरी ट्रॅक्टर होता, मी त्याच्यावर बसून मोठा झालो. इंजिन मला कळतं. पण तिथे वजनासाठी टायरमध्ये साधं पाणीच भरतात आणि ते कधी गोठत नाही. माझा नवखेपणा त्याने पहिल्या पाच मिनिटांत ओळखला, हे मला आता कळतंय.

टायर भरून घेणाऱ्यांनो, चाक फिरवून व्हॉल्व्ह खाली आणा, पिन दाबा, वाटीभर द्रव काढा आणि रात्रभर घरच्या फ्रीझरमध्ये ठेवा. गोठला तर पैसे देऊ नका. एवढी एकच गोष्ट केली असती तरी त्याचं पितळ उघडं पडलं असतं.

पारा उणे २२ सेल्सिअसला जाणार असं कळलं, त्या रात्री मी ब्लॉक हीटरचा प्लग लावून झोपलो. सकाळी इंजिनाच्या बाजूची एक फ्रॉस्ट प्लग, म्हणजे ब्लॉकच्या भोकावरचं पत्र्याचं बूच, बाहेर येऊन जमिनीवर पडलेली, भोकातून गंजकट बर्फाचा गोळा डोकावतोय आणि ब्लॉकवर वीतभर लांब तडा. फ्रॉस्ट प्लग उडाली की ब्लॉक वाचतो असं बरेच जण सांगतात. त्यावर विसंबू नका, माझा वाचला नाही. हीटर का चालला नाही म्हणून वायरचा माग काढला. वायर जाळीतून आत गेली होती, रेडिएटरच्या मागे प्लास्टिकच्या पट्टीने नीट बांधली होती, आणि तिथेच संपली होती. टोकाला काळी चिकटपट्टी. हीटर नव्हताच! २६५ डॉलर एका वायरच्या तुकड्याचे. हीटर बसवून घेतलात तर प्लग लावा आणि वॅटमीटरवर शेकड्यांत आकडा दिसतो का बघा. मग थोड्या वेळाने ब्लॉकला हात लावा.

कूलंट हिरवं होतं, ते मी स्वतः झाकण उघडून पाहिलं होतं. रंगावर जाऊ नका. अर्धं इथिलीन ग्लायकॉल आणि अर्धं पाणी असं प्रमाण असेल तर ते साधारण उणे ३७ पर्यंत टिकतं. माझ्या रेडिएटरच्या तळाशी उरलेला थेंब नंतर दुसऱ्या मेकॅनिकने रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे कूलंट किती थंडीत गोठेल ते दाखवणाऱ्या यंत्रावर, टाकला, तर आकडा उणे ५ च्या आसपास. म्हणजे रंग येण्यापुरतं कूलंट आणि बाकी नळ. हायड्रॉलिक तेल बदललंच नव्हतं, जुनं दुधाळ तेल तसंच होतं. दुधाळ म्हणजे त्यात पाणी, आणि तेही गोठतं. डिझेलमध्ये थंडीचं औषध टाकल्याचं तोंडी सांगितलं होतं, ते आता तपासण्यात अर्थ नाही. तुम्ही मात्र उन्हाळ्यात भरलेल्या डिझेलवर थंडीत निघू नका, त्यातलं मेण गोठून फिल्टर चोंदतो.

ब्लोअरच्या गिअरबॉक्सला तडा होता, वर ताजा रंग मारून लपवलेला. शिअर पिनच्या जागी कडक पोलादाचे बोल्ट ठोकले होते. दगड अडकला की ती पिन तुटायला हवी, म्हणजे गिअरबॉक्स वाचतो. जुन्या अवजारावर नवा रंग दिसला की नखाने खरवडा. चेन तेवढ्या खऱ्या निघाल्या. फोटोत दिसणारी वस्तू खरी ठेवायची, ही त्याची रीत असावी.

दुसऱ्या, जुन्या इंजिनाचा मजुरीसह अंदाज ५,२०० डॉलर आला आहे. टायरमधला बर्फ वितळवून बाहेर काढायचा खर्च वेगळा.

आता दाद मागण्याची कथा. शेरीफच्या ऑफिसात गेलो. समोरच्या अधिकाऱ्याने बिल पाहिलं आणि म्हणाला, हा दिवाणी वाद आहे. मी म्हटलं, अहो, हीटर बसवल्याचे पैसे घेतले आणि वायर बांधून ठेवली, याला वाद कसा म्हणता? तो म्हणाला, काम वाईट करणं गुन्हा नाही. वाईट काम आणि न केलेलं काम यातला फरक त्याला समजावून घ्यायचाच नव्हता! बँकेने सांगितलं, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, परत येणार नाहीत. कार्डाने दिले असते तर हरकत घेता आली असती, हे फोन ठेवता ठेवता सांगितलं. गाड्यांच्या गॅरेजांवर देखरेख ठेवणाऱ्या खात्याने उत्तर दिलं की शेतीचा ट्रॅक्टर त्यांच्याकडे येत नाही. शेतीच्या खात्याने सांगितलं की दुरुस्ती त्यांच्याकडे येत नाही. ग्राहक तक्रारीच्या कार्यालयाने त्याला पत्र पाठवलं, त्याने उत्तर दिलं नाही, म्हणून फाइल बंद! ज्याने फसवलं तो गप्प बसला की तक्रार निकाली, हा कुठला न्याय? विमा कंपनीने गोठणं म्हणजे देखभालीची हयगय ठरवून हात वर केले. देखभालीचेच तर पैसे मोजले होते मी.

राहिलं गावचं कोर्ट. इथल्या टाउन कोर्टात छोट्या दाव्याची मर्यादा ३,००० डॉलर, माझं बिलच ४,३८५. वरच्या १,३८५ वर पाणी सोडून दावा लावायचा म्हटलं, तर समोरचा त्याच गावात राहणारा, काम करणारा किंवा तिथे ऑफिस असणारा हवा. बिलावर फक्त पोस्ट बॉक्सचा नंबर आहे. पत्ता शोधून द्या, मग बघू, असं क्लार्कबाईंनी सांगितलं. पत्ता शोधायचा कुणी, तर ज्याचे पैसे गेले त्याने. पोलीस शोधणार नाहीत, कारण गुन्हा नाही, आणि पत्ता नाही म्हणून कोर्ट घेणार नाही. काम देण्याआधी मेकॅनिकच्या गाडीचा नंबर आणि राहता पत्ता लिहून घ्या. नाराज झाला तर होऊ द्या. सामानाच्या मूळ पावत्या मागा, हीटरचा रिकामा खोका मागा.

खाद्याच्या दुकानात सांगून त्याची जाहिरात काढायला लावली. दोन गावं पलीकडे दुसऱ्या बोर्डावर ती पुन्हा लागली आहे, नव्या फोन नंबरासह आणि नव्या फोटोसह. लाल मॅसी, मागच्या चाकांना नवीन चेन, मागे निळा रंग मारलेला ब्लोअर, पाठीमागे पत्र्याची शेड. तो ट्रॅक्टर माझा आहे, शेडही माझी. फोटो काम संपल्याच्या दिवशी काढलेला आहे. तो पाहून फोन लावायच्या बेतात असाल तर लावू नका, त्याचा ब्लॉक फुटलेला आहे.