प्राध्यापकांच्या अभ्यासगटासाठी मूडल: वर्कशॉपसाठी जरूर घ्या, विकीच्या भरवशावर राहू नका

मूडल हे ऑनलाइन वर्ग, म्हणजे त्यातला ‘कोर्स’, चालवण्यासाठी शिक्षक आणि विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून बांधलेलं मुक्त सॉफ्टवेअर. त्यात प्राध्यापकांचा अभ्यासगट वर्षभर चालवायचा, तर पहिली अडचण भूमिकांची येते. सगळेच शिकवणारे, म्हणून सगळ्यांना ‘टीचर’ भूमिका देऊन टाकली जाते आणि तिथेच गाडं अडतं. ‘वर्कशॉप’मध्ये, म्हणजे एकमेकांचं काम वाचून अभिप्राय द्यायच्या साधनात, काम सादर करायची परवानगी मूळ मांडणीत फक्त ‘स्टुडंट’ भूमिकेला आहे, टीचरला सादर करताच येत नाही. प्रश्नोत्तर प्रकारच्या फोरममध्ये, म्हणजे लेखी चर्चेच्या जागेत, आधी स्वतः लिहिल्याशिवाय इतरांचं लिखाण दिसत नाही. ही अटही टीचरला लागू नाही, मग तो प्रकार निवडून उपयोग काय?

म्हणून सगळ्यांना स्टुडंट म्हणून घ्या, टीचर फक्त समन्वयकाला करा. कोर्सच्या सेटिंगमध्ये भूमिकांची नावं बदलायची सोय आहे. तिथे ‘स्टुडंट’च्या जागी ‘सदस्य’ आणि ‘टीचर’च्या जागी ‘समन्वयक’ लिहा. दोन मिनिटांचं काम आहे, पण सदस्यांना निमंत्रण जाण्याआधी उरका. वीस वर्षं शिकवणाऱ्या माणसाला स्वतःची नोंद ‘विद्यार्थी’ म्हणून दिसली की ती बोचते, आणि ते बोचणं योग्यच आहे.

गट ८ ते १२ जणांचा असावा, शक्यतो वेगवेगळ्या विषयांतला. अमेरिकेत ओहायोतल्या मायामी विद्यापीठात १९७९ पासून असे गट चालत आले आहेत आणि त्या कामाशी जोडलेले मिल्टन कॉक्स हाच आकार सुचवतात. पंचवीस जण घेतले तर बैठकीत पाच-सहाजण बोलतात, बाकीचे ऐकून निघून जातात.

मूडल घ्यायचं खरं कारण म्हणजे वर्कशॉप. आपण घेतलेल्या एका तासाचं टाचण प्रत्येकाने टाकायचं आणि दोन सहकाऱ्यांनी त्यावर लिहायचं, हे काम इतक्या शिस्तीत करून घेणारं साधन सहज मिळत नाही. दहा सदस्य, प्रत्येक टाचणाला दोन वाचक, म्हणजे वीस अभिप्राय, आणि प्रत्येकाच्या वाट्याला दोनच. सहा आठवड्यांतून एक फेरी एवढाच भार ठेवा. मूल्यमापनाच्या पद्धतींत गुणांचे पर्याय आहेत, पण इथे ‘कॉमेंट्स’ हीच निवडा. तीत गुण द्यावेच लागत नाहीत. सहकाऱ्याने आपल्या तासाला दहापैकी सहा दिले, की पुढच्या फेरीला टाचण येत नाही. अभिप्रायाचे मुद्दे तीन पुरेत: विद्यार्थी कुठे अडतील, कोणत्या कृतीला दिलेला वेळ कमी पडेल, आणि यातलं काय मी माझ्या विषयात वापरीन. तिसरा मुद्दा गाळू नका, रसायनशास्त्राचं टाचण वाचणाऱ्या इतिहासाच्या प्राध्यापकाला बोलायला जागा तिथेच मिळते.

वर्कशॉपचे टप्पे पाच: मांडणी, सादरीकरण, मूल्यमापन, गुणांचा पडताळा आणि समाप्ती. घोटाळे दोन ठिकाणी होतात. पहिला वाटपात. यादृच्छिक वाटप बटण दाबताच त्या क्षणी आलेल्या टाचणांचं होतं. नंतर आलेल्या टाचणाला वाचकच मिळत नाही, समन्वयकाला तो हाताने नेमावा लागतो. त्यापेक्षा ‘शेड्यूल्ड’ वाटप ठेवा आणि मुदत संपताच पुढच्या टप्प्यात जाण्याच्या पर्यायावर खूण करा. दुसरा घोटाळा जास्त नुकसान करतो: वर्कशॉप समाप्तीच्या टप्प्यात नेल्याशिवाय आपल्या टाचणावर आलेले अभिप्राय लेखकाला दिसत नाहीत. समन्वयक ते विसरला, की लेखकाला वाटतं कोणी वाचलंच नाही. अभिप्रायांच्या मुदतीनंतरच्या सकाळी टप्पा बदलायचा, हे त्याच्या वहीत आधीच लिहिलेलं हवं.

फोरम साधा आहे, ठीक चालतो. फक्त लिहिलेलं सुधारायला मूळ मांडणीत ३० मिनिटं मिळतात आणि इतरांना ईमेल त्यानंतर जातो. ‘पोचलं नाही’ अशी तक्रार आली तर आधी हे तपासा, मग सर्व्हरवरचं क्रॉन, म्हणजे ठरलेली कामं आपोआप उरकणारी सोय. क्रॉन दर मिनिटाला चालणं अपेक्षित आहे. ते बंद पडलं तर ईमेलही थांबतात आणि वर सांगितलेलं शेड्यूल्ड वाटपही.

विकी, म्हणजे सगळ्यांनी मिळून लिहायची पानं, मात्र निराश करतं. एकजण मजकूर सुधारत असेल तर दुसऱ्याला तोच मजकूर कुलूपबंद. बैठकीत चौघांनी मिळून एक टाचण लिहायचं असेल तर एकाच वेळी लिहिता येईल असा सामायिक दस्तऐवज बाहेर ठेवा आणि त्याचा दुवा इथे द्या.

त्याऐवजी ‘डेटाबेस’कडे लक्ष द्या. करून पाहिलेल्या कृतींची नोंदवही म्हणून तो उत्तम आहे. रकाने पाचच: विषय, वर्गसंख्या, लागलेली मिनिटं, काय फसलं, पुढच्या वेळी काय बदलणार. इतरांच्या नोंदी पाहण्याआधी स्वतःची एक नोंद करणं सक्तीचं करता येतं, ते करा. ‘काय फसलं’ हा रकाना एकट्यानेच भरायचा आहे असं कोणालाच वाटत नाही.

पण त्याच रकान्यामुळे एक गोष्ट सुरुवातीलाच ठरवावी लागते. संपूर्ण साइटवर ‘मॅनेजर’ भूमिका असलेल्याला कोर्समधलं सगळं दिसतं, कोण कधी आलं याच्या नोंदीही. गटातलं लिखाण आणि या नोंदी कोणाच्याही मूल्यांकनात वापरल्या जाणार नाहीत, असं प्राचार्यांकडून पहिल्या फेरीआधी लेखी घ्या. तसं पत्र मिळत नसेल तर वर्कशॉप सुरू करू नका, फक्त समोरासमोरच्या बैठका घ्या.

वर्ष संपल्यावर कोर्सचा बॅकअप वापरकर्त्यांशिवाय घेतला, की पुढच्या गटासाठी कोरा साचा तयार मिळतो. मात्र त्यात डेटाबेसमधल्या नोंदी येत नाहीत. त्या आधी सीएसव्ही, म्हणजे तक्त्यासारख्या उघडणाऱ्या, फाइलमध्ये वेगळ्या उतरवून घ्या, आणि नावं कोणाची ठेवायची ते ज्याचं त्याला विचारून.