इंदुरात रीफ टाकी: एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्यावर

समुद्र बघायचा म्हटलं की आम्हा इंदूरकरांना संध्याकाळची अवंतिका पकडून मुंबई गाठावी लागते. अशा गावात घरी खाऱ्या पाण्याची, जिवंत कोरलची (प्रवाळाची) टाकी, म्हणजे रीफ टाकी, चालते का, हे मला बरेच जण विचारतात. चालते. पण मासे आणि लाइट बघून जे भुलतात त्यांनी आधी पाण्याचा आणि मे महिन्याचा विचार करावा, कारण माझा बहुतेक वेळ आणि बराचसा पैसा तिथेच गेला आहे.

टाकी दोन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि तेवढीच उंच. दगड-वाळूची जागा वजा जाता साधारण 75 लिटर पाणी राहतं. भरल्यावर वजन शंभर किलोच्या पुढे जातं, म्हणून सुदामानगरच्या आमच्या वरच्या मजल्यावर ती बीमच्या रेषेत, भिंतीला लागून ठेवली. दुकानात एक फुटाचा ‘नॅनो’ सेट गळ्यात मारायला बघतात. नवशिक्याने तो घेऊ नये. पाणी जितकं कमी तितकं तापमान आणि खारटपणा भराभर बदलतो.

आता पाणी. जलूदहून उचलून येणारं नर्मदेचं पाणी प्यायला झकास, टाकीला मात्र जसंच्या तसं चालत नाही. घरातल्या आरओचंही नाही. त्यात चवीसाठी क्षार परत मिसळलेले असतात आणि क्षार मोजणारा मीटर लावला तर आकडा 40-50 दाखवतो. मी आरओच्या पुढे उरलेले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनची नळी जोडली. रंग बदलणारं रेझिन घ्या, संपत आलं की दिसतं. मीटरवर शून्य आलं की मगच त्या पाण्यात मीठ. हे मीठ स्वयंपाकघरातलं नव्हे, रीफसाठी मिळणारं सॉल्ट मिक्स, लिटरला साधारण 35 ग्रॅम. बादलीत छोटा पंप सोडून काही तास फिरू द्यायचं आणि खारटपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर 1.025 (सापेक्ष घनता) बघायचं. काटेवाला स्वस्त हायड्रोमीटर मिळतो, त्यावर माझा विश्वास नाही. रिफ्रॅक्टोमीटरसुद्धा साध्या पाण्याने शून्यावर आणण्यापेक्षा 35 खारटपणाच्या कॅलिब्रेशन द्रावणाने जुळवलेला बरा.

पाण्याची वाफ होते, मीठ मागेच राहतं. एवढं डोक्यात बसलं की अर्धं काम झालं. रोज उडालेल्या पाण्याच्या जागी खारं पाणी घालायचं नाही, शून्यवालं गोडं पाणी घालायचं. आमच्याकडे हिवाळ्यात दिवसाला लिटरभरही जात नाही, मे महिन्यात त्याच्या दुपटीहून जास्त जातं. पातळी उतरली की आपोआप पाणी भरणारा, फ्लोटवर चालणारा ऑटो टॉप-अप बसवला तेव्हा सुटका झाली. या पूर्ण सेटअपमध्ये पैसे वसूल कुठे झाले विचाराल, तर इथे. सासूबाई एकदा मदतीला म्हणून तांब्याच्या कळशीतलं पाणी घेऊन आल्या होत्या, “शुद्ध असतं गं.” त्यांना दारातच थांबवलं. आपल्या पोटाला तांबं चांगलं असेल, पण गोगलगाय, कोळंबी, कोरल यांना ते विष आहे. गोड्या पाण्याच्या माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवर जी औषधं मिळतात त्यांतल्या काही औषधांत हेच तांबं असतं. बाटलीवरचे घटक वाचल्याशिवाय काही ओतू नका.

पाणी भरल्यावर पहिला महिना-दीड महिना काहीच बघण्यासारखं नसतं. वाळूत आणि दगडांत जिवाणू वाढायचे, त्यांनी अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करायचं, याला वेळ लागतोच. दुकानदार दुसऱ्याच आठवड्यात म्हणत होता, “मॅडम, डाल दो मछली, कुछ नहीं होता.” अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य येईपर्यंत मी टाकी रिकामी ठेवली. घरच्यांनी “धुतलेल्या दगडांचं प्रदर्शन” म्हणून चेष्टा केली ती वेगळी. मग तपकिरी डायटम (एक सूक्ष्म शेवाळ) आले, पांढऱ्या वाळूवर चहा सांडल्यासारखे. घाबरून रोज वाळू उपसायची गरज नाही. टर्बो गोगलगायी सोडल्या. त्या काचेवर चढतात तेव्हा तोंड उघडून-मिटून खरवडताना स्पष्ट दिसतं आणि मागे स्वच्छ नागमोडी पट्टा राहतो. आमची मुलगी अभ्यास सोडून तेच बघत बसते.

उन्हाळ्याबद्दल सविस्तर सांगते, कारण मुंबई-चेन्नईवाल्यांचे सल्ले इथे लागू पडत नाहीत. टाकीला 25-26 अंश हवेत. मे महिन्यात बाहेर 41-42, वर तापलेली स्लॅब, त्यात पंप आणि लाइटची उष्णता. टाकी 30 च्या वर सहज जाते. इतक्या गरम पाण्यात कोरल आपल्या आतलं शेवाळ बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. 2024च्या उन्हाळ्यात लक्षद्वीपला हेच मोठ्या प्रमाणावर झालं. मी चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) न घेता पाण्यावर वारा मारणारे दोन छोटे पंखे लावले. आपली लू कोरडी असते, त्यामुळे वाफ जोरात होते आणि पाणी दोन-तीन अंश खाली येतं. शिवाय माळव्यातली रात्र तशी निवते. लाइट मी संध्याकाळी चारपासून रात्री बारापर्यंत चालवते, म्हणजे भर दुपारी त्याची भर पडत नाही. मे अशा रीतीने निभावला.

खरा घाम फुटला जूनच्या शेवटी. दोन सरी पडून गेल्या, उकाडा तसाच, आणि हवा दमट. पंखे फिरत होते, पण वाफच होत नव्हती आणि पारा 29 खाली यायला तयार नव्हता. तेव्हा खोलीचा एसी दुपारभर चालू ठेवावा लागला. वीजबिल बघून पुढच्या वर्षी लहान चिलर घ्यायचं ठरवलं आहे. हिवाळ्याला शंभर वॅटचा हीटर पुरला, तक्रार नाही.

कोरल घेताना कायदा माहीत असू द्या. रीफ बांधणारी सगळी कडक प्रवाळं, समुद्रपंखे, काळी प्रवाळं आणि समुद्रघोडेसुद्धा 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. आपल्या समुद्रातून तोडलेला ‘लाइव्ह रॉक’ म्हणजेही बहुतेक वेळा प्रवाळाचा सांगाडाच असतो. कुणी व्हॉट्सअॅपवर स्वस्तात देत असेल तर हात जोडा. माझ्याकडे कृत्रिम दगड आहेत आणि त्यावर मश्रूम, लेदर आणि झोआ ही मऊ कोरल, एवढंच. नवशिक्याला तेवढं पुष्कळ. लाइट लागला की झोआचं मिटलेलं बोंड हळूहळू उघडतं, आधी कडेचे तंतू, मग मधली हिरवी तबकडी. वरून कोळंबी चालून गेली की झटकन बंद. या झोआंमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असू शकतं, हे दुकानात कुणी सांगत नाही. हातमोजे घाला, जखमेच्या हाताने शिवू नका, आणि झोआ असलेला दगड साफ करायला म्हणून उकळू तर मुळीच नका. त्या वाफेने माणसं दवाखान्यात गेली आहेत.

मासे दोनच, सगळं गाव ज्याला निमो म्हणतं ती क्लाउनफिशची जोडी. टाकीत वाढवलेलीच मागा. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने यांच्या पैदाशीचं तंत्र कधीच बसवलं आहे, समुद्रातून पकडलेले घेण्याचं कारण उरलेलं नाही. दोन लहान आणा, नर-मादी शोधू नका. सगळे नर म्हणून जन्मतात आणि जोडीतला मोठा पुढे मादी होतो. आमच्याकडची मादी आता हात घातला की चावायला येते. निळी डोरी (निमोच्याच सिनेमातला निळा मासा) हवी म्हणून मुलं हट्ट करतील. ती फूटभर वाढते, दोन फुटांच्या टाकीत तिला कोंबणं हा अन्याय आहे.

त्या खोलीत मच्छर अगरबत्ती, कॉइल, झुरळांचा स्प्रे बंद. त्यातली पायरेथ्रॉइड कीटकनाशकं माशांना आणि कोळंबीला मारतात, आणि एअर पंप खोलीतलीच हवा पाण्यात ओढतो. वीज गेली तर लाइटची काळजी नको, पाणी हलतं राहिलं पाहिजे. माझा पाणी हलवणारा डीसी वेव्हमेकर इन्व्हर्टरवर आहे, शिवाय बॅटरीवरचा एअर पंप ड्रॉवरमध्ये.

खर्च पन्नास हजारांच्या आत बसला नाही, त्यात टाकीची काच सगळ्यात स्वस्त. आठवड्याला दहा टक्के पाणी बदलते, त्यामुळे या मऊ कोरलना वेगळं कॅल्शियम द्यावं लागत नाही. अल्कलिनिटी (पाण्यातलं कार्बोनेटचं प्रमाण) 8-9 डीकेएचच्या दरम्यान आहे ना, तेवढं तपासते. पाण्यातला मैला फेसातून काढणारा स्किमर घेतला नाही, अजून अडलं नाही. गावाला जाताना टॉप-अपचा डबा काठोकाठ भरते आणि खाण्याच्या पुड्या तारीख घालून शेजारच्या काकूंकडे देते. खाण्याचा डबा कुलपात असतो, नाहीतर माशांना भूक लागली असेल म्हणून काकू मूठभर टाकतील.