एकाच बँडवर दोन ट्रान्सीव्हर : गच्ची, इंटरलॉक की माळरान?

पुण्यातल्या सोसायटीच्या गच्चीवर हौशी रेडिओच्या 40 मीटर बँडचा (7 मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा) एक डायपोल, म्हणजे सरळ तारेची अँटेना, ताणला की सुमारे 20 मीटर लांबी त्यातच जाते. तरीही दुसरा ट्रान्सीव्हर (प्रक्षेपक आणि रिसीव्हर एकत्र असलेला संच) घेऊन त्याच बँडवर जोडीदारालाही बसवावे, असे अनेक हॅमना, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांना, वाटते. त्यासाठी तीन मार्ग आहेत: दोन संच आणि दोघांनाही केव्हाही प्रक्षेपणाची मुभा, दोन संच पण मध्ये इंटरलॉक (एकाचे प्रक्षेपण चालू असताना दुसऱ्याचे रोखणारी जोडणी), किंवा दोन रिसीव्हर असलेला एकच संच. माझ्या मते हा निर्णय संचांच्या किमतीआधी दोन अँटेनांमध्ये किती डेसिबलची विलगता (एका अँटेनाची शक्ती दुसऱ्या अँटेनापर्यंत पोहोचताना होणारी घट) मिळते ते पाहून घ्यावा.

पहिल्या मार्गाचे गणित कठोर आहे. प्रक्षेपण 100 वॉटचे आणि विलगता 20 डेसिबल असेल, तर शेजारच्या रिसीव्हरच्या तोंडाशी 1 वॉट येतो, आणि एवढ्याने त्याचा पुढचा भाग जळू शकतो. एकच बँड आत सोडणारा बँडपास फिल्टर येथे कामाचा नाही. तो 20 मीटरचा त्रास 40 मीटरवर येऊ देत नाही, पण 7.010 मेगाहर्ट्झचा 7.150 वर येणारा त्रास त्याला अडवता येत नाही. विलगता 40 डेसिबलपर्यंत नेली, तर 10 मिलिवॉट पोहोचतात आणि संच बहुधा वाचतो. मात्र प्रक्षेपकाचा फेज नॉईज (वाहकाच्या, म्हणजे मुख्य सिग्नलच्या, आजूबाजूला पसरणारा गोंगाट) ऐकण्याच्या अंतरावर दर हर्ट्झला वाहकापेक्षा 130 डेसिबल खाली असला, तरी 500 हर्ट्झच्या रुंदीत तो सुमारे −93 डीबीएम (1 मिलिवॉटच्या तुलनेत डेसिबल) भरतो, म्हणजे सिग्नलची ताकद दाखवणारा एस-मीटर पाच-सहावर अडकून राहतो. हा गोंगाट नेमका आपण ऐकत असलेल्या फ्रिक्वेन्सीवरच असल्याने रिसीव्हरकडचा कोणताही फिल्टर तो काढू शकत नाही. (जाहिरातींत रिसीव्हरचे आकडे ठळक असतात, प्रक्षेपकाच्या गोंगाटाचे शोधावे लागतात.) म्हणून हा मार्ग सासवडकडच्या एखाद्या मोकळ्या माळावर, जागामालकाच्या परवानगीने, डायपोल एका रेषेत टोकाला टोक ठेवून आणि मध्ये शंभर-दोनशे मीटर सोडूनच चालतो, तिथे एकाने मोर्स आणि दुसऱ्याने फोन, म्हणजे आवाजी संवाद, चालवावा. शिवाय अनेक स्पर्धांत एका बँडवर एका वेळी एकच सिग्नल चालतो, त्यामुळे नियम आधी वाचावेत.

इंटरलॉक दोघांना एकाच वेळी बोलू देत नाही, त्यामुळे तो नियम पाळला जातो. पण एकाचे प्रक्षेपण चालू असताना दुसऱ्याच्या रिसीव्हरवर येणारी शक्ती त्याने कमी होत नाही. तिथे प्रक्षेपणाबरोबर अँटेना तोडणारा रिले लागतोच, किंवा ऐकण्यासाठी वेगळा छोटा लूप (वळ्याच्या आकाराची अँटेना) घेऊन त्याची बधिर दिशा प्रक्षेपक अँटेनाकडे वळवावी लागते. कोॲक्सच्या, म्हणजे अँटेनाच्या केबलच्या, आवरणावरून येणारा प्रवाह फेराइट चोकने (केबलवर बसवलेल्या फेराइटच्या कड्यांनी) अडवला नाही, तर तीही मेहनत फुकट जाते. गच्चीवर दोघांना बसायचेच असेल, तर मी हाच मार्ग सुचवेन.

एकटा ऑपरेटर असेल, तर दोन रिसीव्हरचा संच पुरतो: एका कानात दूरच्या स्टेशनचा आवाज, दुसऱ्या कानात त्याला हाका मारणाऱ्यांची गर्दी. प्रक्षेपणाच्या वेळी दोन्ही रिसीव्हर बंद होतात, एवढी मर्यादा मान्य करावी लागते.

पैसे देण्याआधी दुसऱ्या अँटेनाच्या केबलला संचाऐवजी डमी लोड (शक्ती उष्णतेत जिरवणारा रोधक) आणि कमी शक्तीचा वॉटमीटर जोडून पाहावा. पहिल्या संचातून 10 वॉट सोडल्यावर तिथे 100 मिलिवॉट दिसले, तर विलगता 20 डेसिबलच आहे, आणि त्या गच्चीवर दुसरा संच तसाच जोडू नये.