‘प्रेडिक्ट ब्रेस्ट’: जगण्याचा अंदाज देतं, मेटास्टॅसिसचा (आजार दूर पसरण्याचा) नाही

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालंय, पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आलाय आणि केमो घ्यायची की हॉर्मोनच्या गोळ्या पुरतील हे ठरायचंय. या टप्प्यावर, कोणत्या उपचाराने जगण्याची शक्यता किती वाढेल याचा अंदाज देणारं ‘प्रेडिक्ट ब्रेस्ट’ हे मोफत साधन खरोखर कामाचं आहे; गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलच्या ओपीडीतही ते मोबाइलवर उघडता येतं. ते केंब्रिजमध्ये तयार झालं. 2010 चं पहिलं मॉडेल इंग्लंडमधल्या ईस्ट अँग्लियातल्या 1999 ते 2003 मधल्या 5,694 रुग्णांच्या नोंदींवर बेतलेलं होतं. ईआर (कॅन्सरच्या पेशींवरचा इस्ट्रोजेन रिसेप्टर) पॉझिटिव्ह आणि निगेटिव्हसाठी त्यात वेगळी कॉक्स मॉडेल (काळानुसार धोका मोजणारी गणितं) आहेत, आणि तसंच हवं: निगेटिव्हमध्ये धोका पहिल्या काही वर्षांत एकवटतो, पॉझिटिव्हमध्ये तो कितीतरी वर्षं रेंगाळतो.

घोटाळे होतात ते माहिती भरताना. गाठीचा आकार मिलिमीटरमध्ये लागतो, रिपोर्टात 2.2 सेंमी असेल तर 22 लिहा. तोही फक्त इन्व्हेसिव्ह (आसपासच्या ऊतींत शिरलेल्या) भागाचा, डीसीआयएस (दुधाच्या नलिकांतच राहिलेला भाग) त्यात मिळवू नका. हर-2 (कॅन्सरच्या पेशींवरचं एक प्रथिन) ‘2+’, म्हणजे अनिश्चित, आला असेल तर फिश या पुढच्या जनुकीय चाचणीचा निकाल येईपर्यंत ‘अज्ञात’ निवडा. गाठ स्क्रीनिंगमध्ये सापडली का, या प्रश्नावर गोव्यात हमखास गोंधळ होतो. तिथे ब्रिटनमधलं मॅमोग्राफीचं स्क्रीनिंग अभिप्रेत आहे. शिबिरात हाताने तपासताना लागलेली गाठ त्यात धरली तर उत्तर नको तितकं आशादायक येईल. ऑपरेशनआधी केमो झाली असेल तर हे साधन वापरूच नका, कारण आक्रसलेल्या गाठीचा आकार मॉडेलची दिशाभूल करतो.

निकाल 5, 10 आणि 15 वर्षांचा मिळतो. तक्ता, आलेख, माणसांची चित्रं, हवं तसं पाहता येतं. घरच्यांना समजवायला चित्रंच बरी. वाचताना एक लक्षात ठेवा. हॉर्मोन उपचारांनी कॅन्सरचे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने घटतात. 100 जणींमागे 30 मृत्यू अपेक्षित असतील तर 10 जणी वाचतात, 6 असतील तर 2. उपचार तोच, पदरात पडणारा फायदा मात्र मूळ धोक्यावर ठरतो. इतर कारणांनी होणाऱ्या मृत्यूंचे दर ब्रिटनचे असल्याने साठी-सत्तरीच्या गोंयकार बाईसाठी तेवढा भाग सैल धरावा.

उणीव मोठी आहे ती एकच: आजार हाडांत, फुप्फुसांत पसरण्याची शक्यता किती, हे ते सांगत नाही. ‘85 टक्के’ म्हणजे इतक्या जणी हयात असतील. त्यांतल्या काहींना आजार उलटलेलाही असू शकतो. रजोनिवृत्ती झालेल्या, ईआर पॉझिटिव्ह आणि पाच वर्षं आजार न उलटता हॉर्मोनच्या गोळ्या पूर्ण केलेल्या बाईसाठी ‘सीटीएस-5’ हे वेगळं साधन आहे. वय, गाठीचा आकार, ग्रेड (पेशी किती आक्रमक दिसतात) आणि बाधित लसिकाग्रंथींची संख्या यांवरून ते पुढच्या पाच वर्षांतला दूर पसरण्याचा धोका काढतं. 5 टक्क्यांखाली कमी, 10 च्या वर जास्त. त्यासाठी मूळ पॅथॉलॉजी रिपोर्ट फाइलीत जपून ठेवा, पाच वर्षांनी त्यातलेच आकडे पुन्हा भरावे लागतात.