ओएसटी सेंटर (गर्दऐवजी पर्यायी औषध देऊन नशा सोडवतात ते), सरकारी हॉस्पिटल, मुंबई – औषधाला ५ स्टार, टायमिंगला २

धाकट्या भावासाठी येतो आम्ही इथे, हॉस्पिटलचं नाव मुद्दाम टाकत नाहीये. भाऊ सुईने गर्द घ्यायचा, प्रायव्हेट रिहॅबमध्ये बक्कळ पैसे घालून झाले, बाहेर आला की परत तेच. इथे ब्युप्रेनॉर्फिनची गोळी देतात, नॅकोची (सरकारची एड्स नियंत्रण संस्था) योजना असल्यामुळे एक रुपया लागत नाही. पण ही मुळात सुईवाल्यांसाठी आहे, त्यामुळे नुसतं ओढणाऱ्यांनी आधी विचारून जा.

पहिल्या दिवशी माल मारून जाऊ नका, हे फार महत्त्वाचं. टर्की (नशा न मिळाल्यावर होणारा त्रास) लागल्यावरच पहिला डोस देतात, अंगात गर्द असताना घेतली तर ही गोळीच टर्की आणते आणि ती डेंजर असते म्हणे. भाऊ बाकावर नाक पुसत, जांभया देत, पाय झाडत बसलेला, आणि डोसनंतर थोड्या वेळाने साहेब म्हणतात वडापाव खाऊया का. कित्येक महिन्यांनी स्वतःहून खायला मागितलं त्याने.

सिस्टर समोरच गोळी कुटून पूड जिभेखाली टाकतात, विरघळेपर्यंत बोलायचं नाही, गिळायचं नाही, मग आ करून दाखवायचं. गोळी तोंडात लपवून बाहेर विकतात ना काही जण, म्हणून. बाकावर सगळे ओळीत तोंड मिटून बसलेले असतात, नवीन माणसाला वाटेल मौनव्रत चालू आहे.

आई म्हणते एक नशा सोडवून दुसरी लावली. डॉक्टरांनी नीट समजावलं की या गोळीचा असर एका लिमिटच्या वर चढत नाही, तलफ मरते आणि सुई सुटली की एचआयव्ही, हिपॅटायटिस सीची भीती कमी होते. मला एवढंच कळतं की घरातल्या वस्तू गायब व्हायच्या थांबल्या.

आता टायमिंग. रोज यायचं आणि दुपारी खिडकी बंद, मग माणसाने नोकरी करायची कधी?? इकडे तुम्हीच सांगता कामाला लागा. कोविडमध्ये घरी न्यायला डोस द्यायला लागले होते, आता स्थिर पेशंटला मिळतात पण इथे स्टाफ बदलला की नियम बदलतो. केस पेपरच्या खिडकीवरचा एक जण तर सरळ 'ए गर्दुल्ल्या' म्हणून हाक मारतो. काउन्सेलर मॅडम मात्र खूप चांगल्या, आईशीही बोलतात.

गोळी चालू असताना दारू किंवा झोपेच्या गोळ्या अजिबात नको, श्वास बंद पडू शकतो. बाकी बद्धकोष्ठता होते, इसबगोल आणून ठेवा.